इंजिन बांधून आलंय, आता ऑईल कुठलं घालायचं?

गाडी धूर मारायला लागली, हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑईल प्यायला लागली, चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर पण दम टाकायला लागली, की शेवटी मिस्त्रीच्या तोंडून ते वाक्य येतंच: “इंजिनचं काम काढायला लागतंय बघा.” मग इंजिन खाली उतरतं, ब्लॉक आणि क्रँक बेळगावच्या उद्यमबागला मशीनच्या कामाला जातात, हेड दुसरीकडे जातं, आणि दहा-पंधरा दिवसांनी सगळं परत जोडून होतं. खिसा हलका झालेला असतो. आणि अगदी शेवटी, गाडी चालू करायच्या तासभर आधी, कुणीतरी विचारतं, “मामा, ऑईल कुठलं आणू?”

“आणा की, आधी घालत होता तेच आणा.”

हे ‘आधीचंच’ बहुतेक वेळा चुकतं. इंजिन झिजलेलं असताना आपण जाड ऑईल घालत आलेलो असतो, कारण जाड ऑईलनं धूर थोडा कमी होतो, टकटक दबते, ऑईलचा दिवा लुकलुकायचा थांबतो. तो दुखणं झाकायचा उपाय होता. आता बोअर नवं आहे, पिस्टन नवे आहेत, बेअरिंगा नव्या आहेत. गाडी वीस वर्षांची असली तरी आतलं इंजिन शून्य किलोमीटरचं आहे, आणि त्याला ऑईलही त्या हिशोबानंच द्यायला पाहिजे. पहिल्यांदाच जुनी मारुती ८००, जीप, बुलेट किंवा ट्रॅक्टर घेऊन इंजिनच्या कामात पडलेल्यांसाठी हे लिहितोय. ज्यांनी चार इंजिनं बांधून घेतली आहेत त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल.

पहिली पायरी: नेमकं काय काम झालं ते विचारा

‘इंजिन केलं’ या दोन शब्दांत बरंच काही लपतं. फक्त हेड उतरवून वॉल्व्ह घासले, सील बदलले, गॅस्केट टाकलं, तर खालचं इंजिन जसं होतं तसंच आहे. त्याला रनिंग-इनची, म्हणजे नवे भाग बसेपर्यंत ठरावीक पद्धतीनं चालवायची, गरज नाही, आधीचाच ग्रेड चालतो. मात्र हेड गॅस्केट जाऊन ऑईलमध्ये पाणी गेलं असेल तर नवं ऑईल घालून शे-दीडशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा सोडा, कारण खाचाखोचांत उरलेलं पाणी पहिल्या खेपेला निघत नाही.

बोअर न करता, म्हणजे सिलिंडर आतून न तासता, पिस्टनच्या नुसत्या रिंगा टाकल्या असतील आणि क्रँकला हात लावला नसेल, तर रिंगा बसायला हव्यात पण बेअरिंगा जुन्याच. अशा वेळी कंपनीच्या पुस्तकात जे दोन-तीन ग्रेड दिलेले असतात, त्यातला जाडाकडचा घ्या.

आणि बोअर, ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, नवी मेन आणि बिग एंड बेअरिंग, ऑईल पंप असं सगळं झालं असेल, तर पुस्तकात जो मूळ ग्रेड आहे त्यावर परत या. तसूभरही जाड नको. नव्या बेअरिंगमधली फट केसाहून बारीक असते, आणि सकाळी थंड इंजिनात जाड ऑईल तिथवर पोचायला वेळ लावतं.

बोअरिंगवाल्याकडून चिठ्ठी मागून घ्या. ‘पिस्टन पॉइंट पन्नास ओव्हर, क्रँक पॉइंट पंचवीस अंडर’ (म्हणजे पिस्टन अर्धा मिलिमीटर मोठा, क्रँक पाव मिलिमीटर बारीक) एवढं त्यावर असलं तरी पुरे. आरसीच्या फाइलला लावून ठेवा. पुढच्या मिस्त्रीला अंदाज बांधत बसावं लागत नाही, आणि गाडी विकताना घेणाऱ्याचा विश्वासही बसतो.

दुसरी पायरी: डबा वाचायला शिका

डब्यावर दोनच गोष्टी बघायच्या असतात, बाकी सगळी जाहिरात.

पहिली, ग्रेड. २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३०. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. २०डब्ल्यूची ती चाचणी उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. बेळगावच्या डिसेंबरातली पहाट कितीही बोचरी असली तरी आपण त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे २०डब्ल्यू आपल्याकडे गोठणार नाही. तरी आकडा लहान तेवढं ते पहाटे वॉल्व्हपर्यंत लवकर चढतं, हेही खरंच. मागचा आकडा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. शंभर अंशाला ४० नंबरच्या ऑईलची जाडी १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकमध्ये (हे जाडी मोजायचं माप) असते, ५० नंबरची १६.३ ते २१.९. चाळीसवरून पन्नासवर गेलात की काय फरक पडतो, ते या आकड्यांत दिसतं.

दुसरी, एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दर्जाची) अक्षरं. ‘एस’नं सुरू होणारी पेट्रोलसाठी: एसजे, एसएल, एसएन, एसपी. ‘सी’नं सुरू होणारी डिझेलसाठी: सीएफ-४, सीएच-४, सीआय-४. पुढचं अक्षर वर्णमालेत जेवढं पुढं, तेवढा दर्जा नवा. जुन्या गाडीच्या पुस्तकात ‘एसएफ’ लिहिलेलं असेल आणि बाजारात ‘एसएल’ किंवा ‘एसएन’च मिळत असेल, तर बिनधास्त घ्या. उलटं मात्र करू नका.

यात जुन्या गाड्यांसाठी एक बारकावा आहे. ॲम्बॅसिडर, पद्मिनी, जुनी पेट्रोल जीप यांच्या इंजिनात पुशरॉड आणि सपाट टॅपेट असतात. वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा उंचवटा टॅपेटवर सरळ घासतो, आणि तिथलं राखण करतं ते ऑईलमधलं जस्त-फॉस्फरसचं रसायन. २००४ मध्ये एसएम दर्जा आला तेव्हापासून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, कारण नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यानं खराब होतो. ही मर्यादा १०डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३० असल्या ग्रेडना आहे, १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला नाही. म्हणून अशा इंजिनात, विशेषतः कॅमशाफ्ट नवा टाकला असेल तर, ‘आधुनिक आहे’ म्हणून तीस नंबर घालायच्या मोहात पडू नका.

तिसरी पायरी: ऑईल ओतायच्या आधी

हे खरं तर मिस्त्रीचं काम. पण तुम्ही समोर उभे राहिलात तर ते नीट होतं, म्हणून सांगतो. बोअर केल्यावर होनिंग होतं, म्हणजे सिलिंडरच्या आत बारीक तिरप्या रेघांची जाळी उठवतात. त्या रेघांत होनिंगच्या दगडाची आणि लोखंडाची भुकटी अडकून राहते. ती डिझेलनं किंवा रॉकेलनं धुतली की वर तरंगते आणि परत खाली बसते. ती काढायला गरम पाणी, साधा साबण आणि ब्रश लागतो. धुऊन झाल्यावर पाणी लगेच कोरडं करायचं, पांढरं स्वच्छ फडकं ऑईलमध्ये बुडवून बोअरमधून फिरवायचं आणि बाहेर काढून उजेडात बघायचं. करडा डाग दिसला तर परत धुवायचं. फडकं जसं आत गेलं तसंच बाहेर आलं की ब्लॉक जोडायला मोकळा. ऑटोनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडं मी हे पहिल्यांदा बघितलं. पाचव्या फडक्याला ते थांबले. चांगलं ऑईल आणून या भुकटीवर ओतलं तर ते घासायच्या पेस्टचं काम करतं, आणि हजारभर किलोमीटरमध्ये नव्या बेअरिंगांवर ओरखडे पडतात.

चेंबर (इंजिनखालची ऑईलची टाकी) उतरवून आतला गाळ काढला का, पंपाची जाळी धुतली का, क्रँकमधल्या ऑईलच्या वाटा हवेनं फुंकल्या का, हे विचारा. ऑईल फिल्टर नवाच टाका.

चौथी पायरी: पहिलं ऑईल

पहिलं ऑईल साधं मिनरल, म्हणजे खनिज तेलातून काढलेलं, घ्या. पुस्तकातला ग्रेड, योग्य एपीआय, आणि तेवढंच. महाग सिंथेटिक या टप्प्यावर नको. नव्या रिंगांना सिलिंडरच्या जाळीवर थोडं घासून आपला आकार घ्यावा लागतो, आणि जास्त निसरड्या ऑईलमध्ये आपल्या भागातल्या होनिंगवर हे बसणं लांबतं. कारखान्यातून काही गाड्या सिंथेटिक भरूनच येतात हे खरं, पण तिथं बोअरची फिनिशिंग वेगळी आणि फार बारीक असते. शिवाय हे ऑईल तुम्ही पाचशे किलोमीटरच्या आत सोडून देणार आहात.

कुठलंही ‘धूर बंद करणारं’, ‘पिकअप वाढवणारं’ बाटलीतलं औषध यात टाकू नका. फ्लशिंग ऑईलही नको, स्वच्छ केलेल्या इंजिनात फ्लश करायला काही नाही.

लेव्हल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत, त्याच्या वर नाही. जास्त भरलं की क्रँक ऑईलमध्ये फटकारे मारतो, फेस होतो, आणि फेसानं बेअरिंगला वंगण मिळत नाही.

पाचवी पायरी: पहिला स्टार्ट

पेट्रोल गाडीचे प्लग काढा, डिझेलचा पुरवठा तोडा, आणि स्टार्टरनं थोडं थोडं थांबत इंजिन फिरवा. ऑईलचा दिवा विझला किंवा गेजचा काटा उठला की मगच प्लग लावून चालू करा. चालू झाल्यावर पाच-सात सेकंदांत दिवा गेला नाही तर लगेच बंद करा. ‘येतंय की थोड्या वेळात’ म्हणून वाट बघायची नसते.

आता या लेखातली सगळ्यात कळकळीची गोष्ट. आपल्याकडे इंजिन बांधलं की ते ‘रनिंगला लावायची’ पद्धत आहे. सकाळी चालू करायचं, आरामात टिकटिक चालू ठेवायचं आणि संध्याकाळी बंद करायचं. काही वर्षांपूर्वी आमच्या ओम्नीचं इंजिन एका गॅरेजमध्ये बांधून घेतलं. त्यांनी ते दिवसभर असंच आयडलवर ठेवलं, आणि मी प्रेमानं आणलेलं महागडं सिंथेटिक आत होतं. धूर पहिल्या आठवड्यापासून होता. मिस्त्री म्हणाले, बसेल हळूहळू. दोन हजार किलोमीटर झाले तरी आठशेला लिटर ऑईल कमी होत होतं. शेवटी दुसरीकडं हेड उतरवलं. सिलिंडरमध्ये टॉर्च मारला तर आत आरसा. होनिंगच्या रेघांवर तपकिरी, गुळगुळीत कवच चढलं होतं, नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. रिंगा कधी बसल्याच नव्हत्या. परत होनिंग, परत रिंगा, परत गॅस्केट सेट.

कारण असं: रिंग सिलिंडरला घट्ट दाबली जाते ती स्वतःच्या ताणानं थोडी आणि जळणाऱ्या वायूच्या दाबानं जास्त. आयडलवर हा दाब फार कमी. रिंग नुसती ऑईलवरून घसरते, मागं राहिलेलं ऑईल भिंतीवर जळतं आणि त्याचं कवच बनतं. म्हणून चालू केल्यावर गळती बघा, पाणी बघा, टायमिंग बघा, आणि इंजिन तापलं की पंधरा-वीस मिनिटांत गाडी रस्त्यावर काढा. सपाट टॅपेटच्या इंजिनात नवा कॅम असेल तर सुरुवातीची वीस मिनिटं आयडलवर सोडूच नका, मिनिटाला दीड ते अडीच हजार फेऱ्यांवर ठेवा. त्या कॅमला ऑईल मिळतं ते मुख्यतः क्रँकच्या उडवण्यानं.

सहावी पायरी: पहिले पाचशे किलोमीटर

बेळगाव ते खानापूर हा रस्ता मला यासाठी आवडतो. जेमतेम पंचवीस-सव्वीस किलोमीटर, थोडा चढउतार, गाव आलं की वेग कमी करावाच लागतो. तिसऱ्या-चौथ्या गिअरवर निम्म्याच्या थोडं पुढं ॲक्सिलरेटर देऊन वेग वाढवा, मग पाय सोडून गाडी इंजिनवरच मंद होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. वेग वाढताना रिंग भिंतीला दाबते, पाय सोडल्यावर ऑईल वर ओढलं जाऊन भुकटी धुऊन नेतं.

निपाणीपर्यंत महामार्गानं एकाच वेगात ऐंशीनं जाणं यात बसत नाही. भरल्या गाडीनं वंटमुरीचा चढ किंवा चोर्ला घाट तर पहिल्या हजारात नकोच. आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर बांधून आला म्हणून दुसऱ्याच दिवशी दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या रांगेत उभा करू नका: जाताना इंजिनाचा दम निघतो आणि रांगेत तासन्‌तास आयडल होतो, दोन्ही वाईट. आधी हलकं रोटाव्हेटरचं काम द्या, मग अर्धी ट्रॉली. ट्रॅक्टरचा हिशोब तासांचा: पहिलं ऑईल साधारण ५० तासांनी सोडायचं, नंतर बहुतेक मॉडेलना २५० तासांनी.

सातवी पायरी: पहिलं ऑईल सोडताना

तीनशे ते पाचशे किलोमीटरच्या दरम्यान, इंजिन गरम असताना सोडा. स्वच्छ टबमध्ये पकडा आणि उन्हात नेऊन बघा. चंदेरी, मोत्याच्या रंगासारखी बारीक झाक दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती रिंगा आणि बोअरची बसण्याची भुकटी. पण बोटांना टोचणारे कण, चकत्या, तांब्याच्या रंगाचे तुकडे आले तर गाडी पुढं चालवू नका, बेअरिंग बघायला लावा. फिल्टर कापून त्याचा कागद पसरला तर आणखी नीट कळतं.

स्प्लेंडरसारख्या मोटरसायकलीत कारसारखा कागदी फिल्टर नसतो. खाली जाळी असते आणि क्लचच्या बाजूला एक फिरता फिल्टर, ज्यात गाळ भिंतीला चिकटून बसतो. नुसता नट काढून ऑईल सोडलं तर तो गाळ तिथंच राहतो. बोअरनंतरच्या पहिल्या सर्व्हिसला साइड कव्हर काढून तो साफ करायला सांगाच.

डिझेलचं ऑईल शंभर किलोमीटरमध्ये काळंकुट्ट झालं तर ते काजळी धरून ठेवण्याचं आपलं काम करतंय. रंगावरून ते बदलू नका.

परत तेच मिनरल, नवा फिल्टर, आणि दीड हजारापर्यंत चालवा. याच सुमारास टॅपेट तपासून घ्या. दर दोनशे किलोमीटरला डिपस्टिक बघून वहीत लिहा. ऑईल कमी होण्याचं प्रमाण घटत जायला हवं. दोन हजारानंतरही हजाराला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त जात असेल तर मी मिस्त्रीकडं जाईन, जाड ऑईलच्या डब्याकडं नाही.

आठवी पायरी: कायमचं ऑईल

कार्ब्युरेटरच्या पेट्रोल कारला १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०, एसएल किंवा वरचं. इंजेक्शनच्या नव्या मारुतीला पुस्तकात १०डब्ल्यू-३० असेल तर तेच, आता सेमी-सिंथेटिकवर जायला हरकत नाही. जुन्या डिझेल जीप, सुमो, ट्रॅक्सला १५डब्ल्यू-४० सीआय-४ हे माझं ठरलेलं उत्तर. त्यात काजळी सांभाळायची ताकद आहे आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतं.

मोटरसायकलीचं वेगळं. तिथं क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (मोटरसायकल ऑईलचा जपानी दर्जा) हवंच. कारचं ऑईल घातलं तर क्लच घसरू शकतो. बिनगिअरच्या स्कूटरला ‘एमबी’ चालतं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची ऑईलं वेगवेगळी असतात. तिथं इंजिनात २०डब्ल्यू-५०, आणि बाकी दोन्हीकडं पुस्तकात जे सांगितलंय ते.

सिंथेटिक घातलं की जुनी गाडी गळते, असं पुष्कळजण सांगतात. गळते ती वाळलेल्या सीलमधून. इंजिन बांधताना पुढचं-मागचं ऑईल सील नवं टाकलं असेल तर ही भीती राहत नाही. तरी मिनरल पाच हजाराला वेळेवर बदलणं हे सिंथेटिक दहा हजारापर्यंत ओढण्यापेक्षा जुन्या इंजिनाला मानवतं, असं माझं मत आहे. गाडी कमी चालत असेल तर किलोमीटर बघू नका, सहा महिन्यांनी बदला. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर ऑईलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर दिसतो. ती बहुतेक वेळा वाफ साठलेली असते. तासभर लांब चालवून आणल्यावर गेली तर ठीक. परत आली आणि रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघा. उन्हाळ्यात लाल मातीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर आणि त्याचा रबरी पाइप दर महिन्याला उघडून बघा. फाटक्या पाइपातून गेलेली धूळ कुठल्याही ऑईलला आवरत नाही.

विकत घेताना सुटं, बॅरलमधलं ऑईल नको. बंद डबा, न फुटलेलं सील, बॅच नंबर आणि तारीख, आणि पक्कं बिल. छापील किमतीपेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर ते दुकान सोडा.

काढलेलं काळं ऑईल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. आपल्या गटारांचं पाणी शेवटी मार्कंडेयाला आणि मलप्रभेलाच जाऊन मिळतं. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या, आणि हाताला लागलेलं साबणानं धुऊन टाका, ते कातडीला चांगलं नाही. रिकामा डबा भंगारात देताना सुरीनं मधोमध कापा आणि लेबल फाडा. धड डबा पुन्हा भरून दुकानात येतो.